थेंब खाली, गळती वर: जुन्या गाडीचं ऑइल लिकेज कसं शोधायचं आणि कसं काढायचं

सकाळी पार्किंगमध्ये वॉचमनकाका थांबवतात आणि म्हणतात, "दादा, गाडी ऑइल टाकतेय बघा." तुम्ही वाकून बघता. फरशीवर रुपयाएवढा काळा डाग, शेजारी दुसरा. गॅरेजला गेलात तर खाली टॉर्च मारून कुणीतरी दोन मिनिटांत निकाल देतं, "चेंबरचं पॅकिंग गेलंय" किंवा "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, पॅकिंग म्हणजे दोन भागांच्या जोडातली गास्केट, आणि क्रँक सील म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीची रबरी रिंग. नवख्या माणसाला यातलं काहीच तपासता येत नाही, म्हणून तो मान डोलावतो.

मीही तेच केलं होतं. माझ्याकडे १९९९ सालची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून थेंब पडायचे. एका गॅरेजने मागचं सील सांगितलं, गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, मजुरी दिली आणि आठवड्याने डाग पुन्हा तिथेच. नंतर दुसऱ्या एका मिस्त्रींनी आधी इंजिन धुवून घेतलं, पावडर मारली आणि वर बोट दाखवलं. डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना आळीपाळीने करंट देणाऱ्या भागाच्या) बुडाशी असलेली रबरी रिंग कडक झाली होती. तिथलं ऑइल ओघळत गिअरबॉक्सच्या कडेने खाली यायचं आणि मागच्या सीलमधून आल्यासारखं दिसायचं. एवढ्याशा रिंगेसाठी गिअरबॉक्स उतरला होता. त्यात गाडीचा दोष काहीच नव्हता. पंचवीस वर्षं उष्णता खाल्लेलं रबर कडक होणारच. चूक एवढीच झाली की गळती कुठे आहे हे न शोधता पार्ट बदलला.

म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर जास्त लिहिलंय. ऑइल नेहमी खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. थेंब जिथे पडतो ती जागा म्हणजे त्याच्या प्रवासाचा शेवट. आपल्याला सुरुवात हवी आहे.

आधी खात्री करा की ते इंजिन ऑइलच आहे

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा असेल तर उत्तम. त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कोणत्या कोपऱ्याखाली आहे ते कळेल. डाग बोटाला लावा आणि वास घ्या. तपकिरी ते काळं, बुळबुळीत आणि किंचित जळका वास असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हिरवं, लाल किंवा निळसर, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. ते विषारी असतं, चाखून बघू नका. लालसर तेलकट असेल आणि गाडीला पॉवर स्टेअरिंग असेल तर तिकडे बघा. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या वर फिकट पिवळसर द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, आणि मग गाडी हलवायचीच नाही. एसी चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी मात्र निव्वळ पाणी असतं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी गळत असेल तर वासाचा हा फरक फार कामाला येतो. तिथे एका बाजूला क्रँकचं मागचं सील असतं आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. दोन्हींचे थेंब एकाच भोकातून पडतात.

मग डिपस्टिक आणि ब्रीदर

गाडी सपाट जागेवर हवी. पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांचं पार्किंग उतारावर असतं आणि तिथे घेतलेलं रीडिंग खोटं निघतं. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घालून बघा. लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आधी ऑइल भरा, शोध नंतर. लेव्हल वरच्या खुणेच्या पुष्कळ वर असेल तर कदाचित तेच दुखणं असेल. जादा ऑइल भरलेलं इंजिन सीलमधून ऑइल बाहेर फेकतं. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर सुमारे एक लिटरचं असतं, म्हणून टॉप-अप करताना थोडं-थोडं ओता.

आता अशी एक गोष्ट, जी बरीच गॅरेजेस बघतच नाहीत. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस कायम खाली चेंबरमध्ये उतरत असतो. तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप असतो आणि बहुतेक गाड्यांत त्याला पीसीव्ही वॉल्व्ह असतो. हा पाइप किंवा वॉल्व्ह काजळीने चोंदला की आतला दाब वाढतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल ढकलतो. आज टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण), उद्या पुढचं सील, परवा चेंबर, असं एकामागोमाग एक गळायला लागलं की आधी ब्रीदरवर संशय घ्या. नवीन सील टाकलं तरी आतला दाब तसाच असेल तर तेही टिकणार नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून उघडा (थोडे शिंतोडे उडतील, चेहरा लांब ठेवा) आणि त्या तोंडावर पातळ कागद धरा. तो शांत बसला किंवा किंचित आत ओढला गेला तर ठीक. फडफडून उडत असेल आणि आतून धूर धापा टाकत येत असेल तर ब्रीदरचा पाइप काढून आतून स्वच्छ करा. पीसीव्ही वॉल्व्ह हलवून बघा, बहुतेक प्रकारांत आतला गोळा खुळखुळला पाहिजे. वॉल्व्ह स्वस्तात मिळतो, शंका असेल तर बदलून टाका. पाइप मोकळा करूनही धापा थांबल्या नाहीत तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे. मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या आणि पुढचा खर्च करायचा की नाही ते ठरवा.

धुणं

पंचवीस वर्षांच्या चिखल-ऑइलच्या थरावर कुणालाही गळती सापडत नाही. इंजिन थंड असताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, कार्बोरेटरचं किंवा एअर फिल्टरचं तोंड आणि वायरिंगचे सॉकेट प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गुंडाळा. इंजिन डिग्रीझर किंवा थोडं डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन वरून खाली घासा, मग साबणाच्या पाण्याने चिंध्यांनी पुसून घ्या. डिझेलचा थर तसाच राहिला तर नंतर तोच ऑइलसारखा दिसतो, म्हणून साबण हवाच. टायमिंग बेल्टच्या कव्हरवर आणि रबरी होजवर डिझेल जाऊ देऊ नका. पेट्रोलने इंजिन कधीही धुऊ नका, एका ठिणगीवर सगळं पेटतं. वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी मारायला सांगितलं तर पाणी डिस्ट्रिब्युटरमध्ये शिरून गाडी तिथेच बंद पडू शकते. मी हे काम हातानेच करतो. धुतल्यावर दोन-तीन तास बॉनेट उघडं ठेवा. डिझेलचा वास पूर्ण गेल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि चॅसिसखाली दोन घोड्या (जॅक स्टँड). घोड्या नसतील तर ओळखीच्या गॅरेजच्या रॅम्पवर तासभर जागा मागा. पैसे देऊन मागा.

पावडर

इंजिन कोरडं झालं की साधी टाल्कम पावडर घ्या. ज्या ज्या जोडावर संशय आहे तिथे हलकी भुरभुरा: टॅपेट कव्हरच्या कडेने सगळीकडे, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विचभोवती, चेंबरच्या कडेला. फिरणाऱ्या बेल्टवर नको. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग छोटी फेरी मारा. सिंहगड रोडच्या गर्दीपेक्षा थोडा चढ असलेला रस्ता बरा, कारण काही गळत्या इंजिनावर लोड आल्याशिवाय दिसत नाहीत. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची ओली रेघ उठून दिसते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. बाकीचा ओलावा बहुधा तिचाच ओघळ असतो. आरशाच्या तुकड्याने किंवा मोबाइलचा कॅमेरा आत घालून मागची बाजूही बघा.

गळती बारीक असेल आणि पावडरने कळत नसेल तर ऑइलमध्ये टाकायचा फ्लुरोसंट डाय मिळतो. तो टाकून पन्नासेक किलोमीटर चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघा, गळतीची जागा पिवळी-हिरवी चमकते.

घाई करू नका. एक गळती काढल्यावर तिच्याखाली झाकलेली दुसरी दिसू लागते. पुन्हा धुवा, पुन्हा पावडर.

टॅपेट कव्हर: इथून शिका

जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त गळणारी जागा म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग, आणि नवख्या माणसाने स्वतः करावं असं पहिलं कामही हेच. हे ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपवर) पडलं तर सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो, कधी धूर दिसतो. तसं असेल तर काम लांबणीवर टाकू नका, आग लागू शकते.

इंजिन पूर्ण थंड हवं. वर आलेले पाइप आणि वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीने सैल करा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत तर अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तीच नवी गळती ठरते. जुनं पॅकिंग काचेसारखं कडक झालेलं असेल, तुकडे पडतील. एकही तुकडा आत हेडमध्ये (कव्हरखालच्या इंजिनच्या वरच्या भागात) पडू देऊ नका, आधीच स्वच्छ सुती फडकं अंथरून ठेवा. दोन्ही कडा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून पुसा. कव्हर पत्र्याचं असेल तर ते कडा खाली करून काचेवर ठेवून बघा. आधी कुणी बोल्ट जोरात आवळले असतील तर भोकांजवळ पत्रा वाकलेला असतो. तो सरळ केल्याशिवाय नवीन पॅकिंगही गळेल.

नवीन रबरी पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात किंवा अर्धगोल वळणापाशी, तांदळाच्या दाण्याएवढं. बोल्टखालचे रबरी वॉशरही बदला, बऱ्याचदा गळती तिथूनच असते. आवळताना मधून बाहेर, आळीपाळीने, दोन टप्प्यांत. हे छोटे बोल्ट फार कमी टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बसतात, म्हणजे लहान पाना मनगटाच्या जोरावर, खांद्याच्या नव्हे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क पाना उसना मिळाला तर अवश्य घ्या. "अजून थोडं आवळू" असं वाटलं की थांबा. जास्त आवळलेलं रबर बाहेर सरकतं आणि पॅकिंग फाटतं.

बाकीच्या जागा

ऑइल फिल्टर: नुकतंच ऑइल बदललं असेल आणि गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आहे का ते पहिल्यांदा बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की ऑइल भसाभसा बाहेर येतं. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस.

ड्रेन प्लग: दर वेळी नवीन वॉशर. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून भागवू नका, लेथवाल्याकडून आटे नीट करून घ्या.

ऑइल प्रेशर स्विच: त्याची वायर काढा. कनेक्टरच्या आत ऑइल असेल तर स्विचच फुटलाय, बदला. अवघड काही नाही.

डिस्ट्रिब्युटरची रिंग: काढण्याआधी बुडाशी डिस्ट्रिब्युटरवर आणि हेडवर सरळ एक खूण करा, कॅप काढून रोटरची दिशा फोटोत घ्या. खूण चुकली तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बिघडतं. शेवटी टायमिंग लाइटने तपासून घेतलेलं चांगलं.

क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) सील टायमिंग बेल्टच्या, म्हणजे क्रँक आणि कॅम जुळवून फिरवणाऱ्या पट्ट्याच्या, मागे असतात. ते घरी करू नका. बेल्ट एक दात जरी चुकला तर इंजिन नीट चालत नाही, आणि काही इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मात्र गॅरेजला स्पष्ट सांगा: सील काढतोच आहात तर बेल्ट आणि टेन्शनरही बघा, कारण ऑइलने भिजलेला बेल्ट लवकर तुटतो. मागचं सील गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे गळती बारीक असेल तर क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं, आणि क्लच उघडला की सील बदलल्याशिवाय बंद करू देऊ नका. क्लच घसरत असेल आणि जळका वास येत असेल तर प्लेटवर ऑइल गेलं असू शकतं, मग थांबण्यात अर्थ नाही. सील बसवताना ओठाला ऑइल लावलं का, शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली आहे का, हे उभं राहून बघा. खाच असेल तर सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावं लागतं किंवा स्लीव्ह घालावा लागतो.

चेंबरच्या पॅकिंगबद्दल एक कळकळीची सूचना. एका गॅरेजने माझ्या गाडीच्या चेंबरला ट्यूबभर सिलिकॉन लावलं होतं. बाहेर जेवढं लोंबतं तेवढंच आतही लोंबत असतं. काही महिन्यांनी साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत असताना ऑइलचा लाल दिवा लागला. मी त्याच क्षणी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणून बेअरिंग वाचली. चेंबर उघडल्यावर ऑइल पंपाच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकलेले सापडले. लाल दिवा लागला की "पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ" हा विचारसुद्धा करू नका.

लिकेज बंद करणारी औषधं ऑइलमध्ये टाकायला मिळतात. ती रबर फुगवतात, काही दिवस बरं वाटतं. फाटलेलं पॅकिंग त्यांनी जुळत नाही, आणि ती मी वापरत नाही. बाहेरून पुटी थापणं तर त्याहून वाईट, कारण पुढच्या माणसाला गळती शोधायलाच जागा उरत नाही. ग्रेड मात्र जरूर तपासा. कंपनीने २०डब्ल्यू-५० सांगितलेल्या जुन्या इंजिनात पातळ ऑइल भरलं तर आधी नुसता घाम येणाऱ्या जागा थेंब टाकायला लागतात.

"घाम" हा गॅरेजमधला शब्द उपयोगाचा आहे. जोडावर ओलसर धूळ चिकटलीय, थेंब पडत नाही, डिपस्टिकवरची लेव्हल उतरत नाही, तर तो घाम. पुसा, लक्ष ठेवा, पैसे खर्च करू नका. दर ५०० किलोमीटरला लेव्हल वहीत लिहा. लेव्हल उतरतेय, पण खाली डाग नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑइल गळत नाही, जळतंय. ते दुखणं वेगळं.

पार्ट आणायला नाना पेठेत

पुण्यात जुन्या गाडीचे पार्ट म्हटलं की पाय नाना पेठेकडे वळतात. चारचाकी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही. दुकानात पहिला प्रश्न येतो, "सँपल आणलंय का?" म्हणून जुनं पॅकिंग किंवा सील, तुकडे झालेलं असलं तरी, पिशवीत घालून न्या. दुसरा प्रश्न, "मॉडेल कुठलं, कार्बोरेटर का एमपीएफआय (इंजेक्शनवालं)?" आरसीवरचं वर्ष आणि चॅसिस नंबरचा फोटो मोबाइलवर ठेवा. सीलवर बहुधा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलीमीटरमध्ये छापलेली असते, ते तीन आकडे जुळवा. "काका, ओरिजिनलच द्या," असं म्हणून किमतीतला फरक विचारा. गिअरबॉक्स उतरवून बसवायच्या सीलमध्ये पन्नास-शंभर रुपये वाचवणं परवडत नाही. पॅकिंग वाकवून बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेलं असेल तर परत द्या.

बाइकवाल्यांसाठी थोडक्यात: पद्धत तीच, धुणं आणि पावडर. टॅपेटच्या गोल झाकणांच्या रिंगा, हेड कव्हर, क्लच कव्हरचं पॅकिंग आणि गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील आधी बघा. चेनच्या बाजूला काळं दिसलं तर ते चेनला मारलेलं लुब्रिकंट आहे की स्प्रॉकेटमागच्या सीलमधलं ऑइल, हे स्प्रॉकेटचं कव्हर काढून पुसल्यावरच कळतं. बाइकचं ऑइल मागच्या टायरवर येत असेल तर त्या दिवशी गाडी चालवूच नका. ओल्या रस्त्यावर तुम्हीही घसराल आणि मागून येणारेही.

काढलेलं काळं ऑइल आणि धुण्याचं डिझेल गटारात ओतू नका, त्यातलं बरंच शेवटी मुठा नदीत जातं. जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये भरून, जिथे वापरलेलं ऑइल जमा करून रिसायकलिंगला देतात अशा गॅरेजला द्या.

काम झाल्यावर इंजिन गरम होईपर्यंत चालवा आणि लाल दिवा लगेच विझतो ना ते बघा. त्याच जोडावर पुन्हा पावडर मारून ठेवा. रात्री नवा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर तारीख लिहा. तीन सकाळी तो कोरडा राहिला आणि १०० किलोमीटरनंतर डिपस्टिकवरची ऑइलची लेव्हल तिथेच असली की त्या गळतीचं काम झालं. कॉर्कचं पॅकिंग असेल तर एवढ्या अंतरानंतर, इंजिन थंड असताना, बोल्ट एकदा हलकेच तपासा. रबरी असेल तर हात लावू नका.